‘द माउंटन गोट्स’ ऐकायला कुठून घ्यावं: गोव्यातल्या साखळीच्या एका भजन गाणाऱ्या मुलीला उत्तर

प्रश्न असा आला होता: “मी साखळीची, ताळगाव पठारावर विद्यापीठात शिकते. घरी आईबरोबर भजनाला बसते, पेटी थोडी येते. वसतिगृहातली माझी मैत्रीण सतत ‘द माउंटन गोट्स’ या बँडची गाणी लावते. मला तो आवाज नाकातला वाटतो, आणि जुन्या कॅसेटींत तर गाण्यापेक्षा घरघरच जास्त. पण तिच्या डोळ्यांत काही गाण्यांना पाणी येतं. यात नक्की काय आहे? सुरुवात कुठून करू? आणि असं काही मराठीत लिहिता येईल का?”

तुझ्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. आवाज नाकातला आहे आणि जुन्या ध्वनिमुद्रणांत घरघर आहे. मी पंचवीसेक वर्षं फोंड्याला ध्वनिमुद्रणाचं काम करतोय. भजनी मंडळं, घुमट-आरत्या, उत्सवातल्या नाटकांची पदं, आणि हल्ली गिटार घेऊन येणारी तुझ्या वयाची मुलं. घरघर काढून टाकणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. तरी या माणसाच्या घरघरणाऱ्या कॅसेटी मी पुन्हा पुन्हा ऐकतो, आणि तू विचारलंस म्हणून ते का हे नीट सांगावंसं वाटतंय.

नाव बँडचं असलं तरी मुळात हा एकच माणूस: जॉन डार्नील. जन्म १९६७चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला, वाढला कॅलिफोर्नियात. १९९१च्या सुमारास तो लॉस एंजलिसजवळ नॉरवॉक इथल्या सरकारी मनोरुग्णालयात परिचारकाची नोकरी करत होता आणि तिथल्याच कर्मचाऱ्यांच्या खोलीत राहत होता. कविता लिहायचा. त्या गिटारवर म्हणायला लागला आणि पॅनासॉनिकच्या एका साध्या टेपरेकॉर्डरवर टेप करायला लागला, ज्याला दोन स्पीकर, वर हँडल आणि आतच बसवलेला माइक असतो, तसला. पहिली कॅसेट त्याच वर्षी श्रिम्पर नावाच्या छोट्या कंपनीने काढली. बँडचं नाव स्क्रीमिंग जे हॉकिन्स या जुन्या गायकाच्या एका गाण्यातल्या शब्दांवरून घेतलेलं आहे, त्यात फार अर्थ शोधू नकोस. पुढे पीटर ह्यूज बास वाजवायला आला, २००७पासून जॉन वर्स्टर ड्रम्सवर, नंतर मॅट डग्लस सॅक्सोफोन घेऊन, आणि एका माणसाच्या कॅसेटींचा खरोखरचा बँड झाला. आजवर शेकडो गाणी झाली आहेत. म्हणूनच नवा माणूस दारातच बावचळतो.

याला लोक ‘इंडी फोक’ म्हणतात. त्यातल्या ‘फोक’ने, म्हणजे ‘लोकसंगीत’ या शब्दाने, तुझी फसगत होईल. धालोच्या मांडावर, म्हणजे बायकांच्या नाच-गाण्याच्या उत्सवाच्या जागेवर, बायका जी गाणी म्हणतात ती कुणी लिहिली हे कुणालाच ठाऊक नसतं, ती पिढ्यांनी घासून गुळगुळीत केलेली असतात. डार्नीलची गाणी तशी नाहीत. ती एका माणसाने, एका दुपारी, एका वहीत लिहिलेली आहेत. आपल्याकडचं काही जवळचं शोधायचं तर मी दुलपद घेईन. मांडो आणि दुलपद ही गोव्यातली कोंकणी गाणी. मांडोत प्रेम आणि विरह संथ चालतो, आणि मांडो संपल्यावर दुलपदात अचानक गावातली खरी माणसं येतात: कुणाचं भांडण झालं, कुणाची पोर कुणाबरोबर दिसली, कुठल्या वाड्यावर काय घडलं. चाल नाचरी, आत बातमी. डार्नीलच्या बऱ्याच गाण्यांत तोच प्रकार आहे, आणि पहिल्यांदा ऐकताना तू चालीवर थांबशील आणि आतली बातमी निसटेल. मैत्रीण रडते ती त्या बातमीला.

आता मुख्य गोष्ट, आणि ही तुला भजनी मंडळात बसणारी म्हणूनच लवकर कळेल. कुठलंही गाणं लावलंस की पहिलं विचार: बोलतंय कोण?

आपण ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगांवर वाढलो. तिथे शेवटी नाममुद्रा येते, तुका म्हणे, आणि बोलणारा तोच हे आपण धरून चालतो. पण एकनाथांचं भारूड आलं की आपण आपोआप कान बदलतो. ‘सत्वर पाव गे मला’ मधली सून भवानीआईला रोडगा कबूल करते आणि मागते काय? सासरा गावाला गेलाय तो तिकडेच खपू दे, सासूला आटप, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे, आणि शेवटी नवऱ्याचीही आहुती. मंडपात बायका खदखदून हसतात. एकनाथ असे होते असं कुणी म्हणत नाही. आपल्याला ठाऊक असतं की नाथांनी एका बाईच्या तोंडात शब्द ठेवले आहेत, आणि त्या शब्दांच्या आड आणखी काही आहे. हा कान तुझ्याकडे तयार आहे. तो इंग्रजी गाण्याला लावायचा, एवढंच.

कारण डार्नीलची बहुतेक गाणी भारुडांसारखी आहेत. ‘मी’ म्हणणारा तो स्वतः नसतो. कधी तो दारुडा नवरा असतो, कधी उतरत्या काळातला मल्ल. २००२चा ‘टॅलहॅसी’ हा अल्बम घे. मोडकळीला आलेल्या घरात राहणारं एक जोडपं. एकमेकांशिवाय राहवत नाही आणि एकमेकांना बुडवल्याशिवायही राहवत नाही. या जोडप्यावर तो कितीतरी वर्षं सुटी गाणी लिहीत आला होता आणि शेवटी पूर्ण अल्बम त्यांना दिला. त्यातलं ‘नो चिल्ड्रन’ २०२१ साली टिकटॉकवर फिरलं, तुझ्या मैत्रिणीने तुला बहुधा तेच आधी ऐकवलं असेल. नवरा बायकोला आणि स्वतःला एकाच दमात शाप देतो, कडवं चढत जातं, आणि कार्यक्रमात लोक हात वर करून ते समूहस्वरात गातात. परक्याला वाटेल, काय ही माणसं, एवढी कडू ओळ आणि चेहरे फुललेले! तुला तसं वाटायचं कारण नाही. रोडग्याचं भारूड म्हणताना तुझ्या आईच्या मंडळातल्या बायकांचे चेहरे आठव. घरात जे बोलता येत नाही ते दुसऱ्याच्या तोंडून, शंभर जणांत, टाळ्या वाजवत बोलून घेतलं की छाती हलकी होते. त्यात थट्टाही असते आणि दुःखही असतं, दोन्ही पूर्ण.

हे झालं मुखवट्याचं. पण मी तुला सुरुवात मात्र ‘टॅलहॅसी’ने करायला सांगणार नाही. सुरुवात २००५च्या ‘द सनसेट ट्री’ने कर. कारण तिथे त्याने मुखवटा काढला.

त्याच्या लहानपणी घरात सावत्र वडील होते आणि ते मारायचे. आईला, त्याला. ते वारले, आणि त्यानंतर त्याने हा अल्बम लिहिला. घरात मार खाणाऱ्या मुलामुलींना त्याने तो अर्पण केला आहे, तुम्ही जिवंत बाहेर पडाल अशा शब्दांत. ‘धिस यिअर’ हे त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं यातलंच: सतरा वर्षांचा मुलगा, शनिवारची सकाळ, गाडी, व्हिडिओ गेम, दारू, एक मैत्रीण, आणि संध्याकाळी घरी परतताना डोळ्यांसमोर येणारा सावत्र बापाचा चेहरा. ध्रुपद एवढंच की हे वर्ष मी काढणार, काढताना जीव गेला तरी. ते आधी ऐक, लगेच आवडेल. पण मला ज्या गाण्यापाशी तुला थांबवायचंय ते त्याच अल्बममधलं, जेमतेम दोन मिनिटांचं, ‘डान्स म्यूझिक’.

चाल अशी की पाय आपोआप ठेका धरतात. शब्द पत्त्याने सुरू होतात: सॅन लुईस ओबिस्पो, जॉन्सन ॲव्हेन्यू. मी पाच वर्षांचा, किंवा सहा असेन. हे ‘किंवा’ बघ. मुलाला आपलं वय नीट आठवत नाही, पण रस्त्याचं नाव आठवतं. टीव्हीवर वॉटरगेटची सुनावणी चालू आहे, म्हणजे १९७३ साल. साल सांगितलेलं नाही, टीव्हीने सांगितलं. सावत्र बाप आईवर ओरडतोय, काचेचा पेला तिच्या डोक्याच्या दिशेने भिरकावतो. मूल जिन्यावरून वर पळतं, जमिनीवर ठेवलेल्या आपल्या छोट्या रेकॉर्ड प्लेयरला कान लावतं. आणि तेव्हा त्याला कळतं की आवाज वाढवायची कळ कशासाठी असते.

मी आयुष्यभर ती कळ फिरवत आलो. भजनाला मृदंग थोडा कमी, पखवाजाला खालचा आवाज थोडा जास्त, गवयाच्या ‘स’ अक्षराच्या शिट्टीला काट. ती ओळ पहिल्यांदा नीट ऐकली तेव्हा मी टेबलावरचा हात उचलून घेतला. पाच वर्षांच्या पोराला त्या कळीचा जो उपयोग सापडला तो मला कुठल्याही पुस्तकाने शिकवला नव्हता. खालच्या खोलीतला आवाज झाकायला वरच्या खोलीत आवाज. आणि आता चालीकडे परत जा: ती एवढी उड्या मारणारी का आहे? कारण आपण ऐकतोय तेच ते मुलाने लावलेलं नाचाचं गाणं. खालचं भांडण आपल्याला शब्दांतून ऐकू येतं, वरचं संगीत चालीतून. भावनेचं एकही विशेषण नाही. भीती हा शब्द नाही, दुःख हा शब्द नाही. पत्ता, टीव्ही, पेला, जिना, कळ.

तुला नावीन्यपूर्ण शब्दरचना म्हणजे अवघड उपमा वाटत असतील तर या गाण्यात बघ. एकही अवघड शब्द नाही.

त्याच अल्बमचं शेवटचं गाणं ‘पेल ग्रीन थिंग्ज’. हे सगळ्यात शेवटी ऐक, मधूनच काढून ऐकू नकोस. अख्खा अल्बम त्या माणसाच्या भीतीत गेल्यावर इथे एक पहाट येते. मुलगा सावत्र बापाबरोबर घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर गेला आहे. हातात स्टॉपवॉच, घोड्यांची सराव-दौड, आणि डांबराच्या भेगांतून वर आलेली फिकी हिरवी रोपं. मारहाण नाही. मग शेवटच्या कडव्यात पहाटे तीनला बहिणीचा फोन, तो गेला म्हणून. आणि ते ऐकल्यावर आठवलं काय, तर ती मैदानावरची सकाळ. गिटार हळू, चेलो सोबतीला. क्षमा केली असं तो म्हणत नाही. केली नाही असंही म्हणत नाही.

माझ्या आईला इंग्रजी येत नव्हतं. धालो आणि ओव्या तिच्या तोंडात असायच्या. एकदा संध्याकाळी हे गाणं चालू असताना ती कामाच्या खोलीत येऊन बसली आणि हा काय सांगतोय म्हणून विचारलं. मी गोष्ट सांगितली, जशी वर सांगितली तशीच. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सावत्र असला तरी पहाटे उठवून बरोबर नेला ना.” मी कित्येकदा ऐकलेल्या गाण्यातली ही बाजू मला दिसली नव्हती. तुझ्या आईला ऐकवायचं असेल तर असंच कर: कीर्तनकार आख्यान लावतो तशी आधी गोष्ट सांग, मग गाणं लाव.

आता घरघरीचा प्रश्न. इथे माझा धंदा उपयोगी पडेल.

‘सनसेट ट्री’ व्यवस्थित स्टुडिओत केलेला आहे, जॉन व्हँडरस्लाइस या निर्मात्याबरोबर. त्यात तुला घरघर मिळणार नाही. पण त्यानंतर ऐकायला मी जो अल्बम सांगेन तो ‘ऑल हेल वेस्ट टेक्सस’, २००२च्याच सुरुवातीचा, आणि तो जवळजवळ सगळा त्या पॅनासॉनिकवर केलेला. त्या यंत्रात माइक आणि टेप फिरवणारी मोटर एकाच डब्यात, वीतभर अंतरावर. त्यामुळे मोटरीची घरघर थेट माइकमध्ये जाते. शिवाय अशा टेपरेकॉर्डरांत आवाजाची पातळी यंत्र स्वतःच सांभाळतं. तू गप्प राहिलीस की ते कान टवकारतं आणि घरघर वर येते. तू जोरात गिटार छेडलीस की ते दचकून सगळंच खाली दाबतं, आणि गळा नि गिटार एकमेकांना चिकटून बसतात. स्टुडिओच्या हिशेबाने हा दोषच आहे. मी कुणाचं काम असं दिलं तर पैसे मिळणार नाहीत.

पण नीट ऐक. गाणं सुरू व्हायच्या आधी जी घरघर येते ती त्या खोलीची आहे. एक माणूस बटण दाबून, खुर्चीवर बसून, श्वास घेतोय. आपल्या देवळांच्या सभामंडपात खांबाच्या पायथ्याशी टेपरेकॉर्डर ठेवून केलेल्या जुन्या कॅसेटी तुझ्या घरी असतील, निदान आजोबांच्या कपाटात. पेटीच्या भात्याचा श्वास, कुणाचं खोकणं, बाहेर जनरेटर, मध्येच घंटा. बुवांचा तोच अभंग पुढे स्टुडिओत स्वच्छ मुद्रित झालेला असतो, पण घरातली माणसं कॅसेटच लावतात, कारण त्या कॅसेटीत ती रात्र आहे. डार्नीलने पुष्कळदा गाणं लिहिलं त्याच दिवशी टेप केलं. शाई वाळायच्या आत. त्यामुळे त्या घरघरीत तुला माणूस आपलं गाणं पहिल्यांदा ऐकताना ऐकू येतो. २०२० साली महामारीत बँडचे दौरे थांबले, तेव्हा त्याने तेच जुनं यंत्र पुन्हा काढलं, दहा दिवसांत दहा गाणी टेप केली आणि कॅसेट काढली, बँडमधल्या सोबत्यांना आणि दौऱ्यावरच्या कामगारांना पैसे मिळावेत म्हणून. त्या कॅसेटीची घरघर ऐकून जुन्या श्रोत्यांना काय वाटलं असेल हे मी समजू शकतो.

‘ऑल हेल वेस्ट टेक्सस’च्या मुखपृष्ठावरच लिहिलंय की ही चौदा गाणी सात माणसं, दोन घरं, एक मोटरसायकल आणि किशोरवयीन मुलांना कोंडून ठेवणारी एक सुधारगृहासारखी संस्था यांच्याबद्दल आहेत. एवढंच. कुठलं गाणं कुणाचं हे तुलाच जुळवायचं. पहिलं गाणं टेक्ससमधल्या डेन्टन शहरातल्या दोन मुलांचं: सायरस आणि जेफ. त्यांना डेथ मेटल, म्हणजे अतिशय कर्कश रॉकचा, बँड काढायचाय. अजून नावही ठरलेलं नाही, तीन नावांवर घोळ चालू आहे, पण आपण जगप्रसिद्ध होणार याबद्दल दोघांना तिळमात्र शंका नाही. मग मोठी माणसं सायरसला लांबच्या शाळेत पाठवतात. जेफ त्याला पत्रं लिहितो. शेवटी डार्नील सरळ त्या मुलांची बाजू घेतो: स्वप्न बघितलं म्हणून एखाद्याला शिक्षा केलीत, तर तो तुमचे आभार मानेल किंवा तुम्हाला माफ करेल असं समजू नका. आणि मग सैतानाचा जयजयकार. हा जयजयकार शब्दशः घेऊन कानांवर हात ठेवू नकोस. ती त्या दोन पोरांची आरोळी आहे, त्यांच्याकडे दुसरं हत्यारच नाही.

हे गाणं मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला ऐकवतो. घरचे म्हणतात सरकारी नोकरीची जाहिरात आलीय आणि हा गिटार घेऊन बसलाय, अशी पुष्कळ मुलं येतात. ऐकून झालं की बहुतेक जण काहीच बोलत नाहीत, फक्त पुन्हा लावा म्हणतात.

त्याच अल्बममधल्या मोटरसायकलवाल्या जेनीवर त्याने एकवीस वर्षांनी, २०२३ साली, पूर्ण अल्बम केला. एवढी वर्षं ती त्याच्या डोक्यात राहिली होती म्हणायची. कादंबरीकाराची सवय आहे ही, आणि त्याने कादंबऱ्याही लिहिल्या आहेत.

बाकीचं झटपट सांगतो. ‘बीट द चॅम्प’, २०१५: सगळी गाणी व्यावसायिक कुस्तीची, टीव्हीवर दिसते ती. लहानपणी त्याचा एक लाडका मल्ल होता, चावो गरेरो नावाचा. त्याच्यावरचं गाणं वरवर कौतुकाचं आहे, पण ‘सनसेट ट्री’ ऐकून झाल्यावर ऐकलंस तर तुला कळेल की त्या पोराला टीव्हीतला मल्ल का हवा होता. ‘द लाइफ ऑफ द वर्ल्ड टू कम’, २००९: बारा गाणी, प्रत्येकाचं नाव म्हणजे बायबलमधल्या एकेका वचनाचा क्रमांक. गोव्यात राहतेस, शेजारी कुणीतरी ते वचन काढून देईल. आधी गाणं ऐक, मग वचन वाच, मग पुन्हा गाणं. ‘गॉथ्स’, २०१७: यात गिटारच नाही. मला तो अजून लागलेला नाही, कारागिरी दिसते पण जीव गुंतत नाही. तुला लागेलही. आणि १९९०च्या दशकातल्या कॅसेटी शेवटी. मैत्रिणीने तुला तिथून सुरुवात करून दिली असेल तर ती प्रेमापोटी चुकली. त्या काळातली पुष्कळ गाणी एकमेकांसारखी आहेत, आणि काही तर नुसती वहीतली टिपणं आहेत. आवड बसल्यावर त्यांत सोनं सापडतं, आधी नाही.

आवाजाचं राहिलं. तुझा कान सुरावर तयार झालाय, त्यामुळे नाकातला सूर तुला टोचणारच. मी तुला तो गोड आहे असं पटवत बसणार नाही. पण तो गातो कसा ते बघ: स्वर लांबवत नाही, व्यंजनं चावून म्हणतो, ओळीत दोन अक्षरं जास्त झाली तर वेग वाढवून ती कोंबतो. कदंबची बस सुटायच्या आत खिडकीतून निरोप सांगणाऱ्या माणसासारखा. तो आवाज निरोपासाठी घडलेला आहे. सप्ताहात पहाटे चारच्या पाराला, म्हणजे पाळीला, गळा बसलेला बुवा अभंग म्हणत असतो, तेव्हा आपण सूर मोजत नाही, शब्द अजून पोचतायत ना एवढंच बघतो. तो कान लाव. आणि एक व्यवहाराचं: पहिल्यांदा ऐकताना शब्द समोर उघडून ठेव. नुसतं कानाने इंग्रजी पकडायचा हट्ट केलास तर चालच ऐकत राहशील.

आता तुझा तिसरा प्रश्न, जो तू शेवटी सहज विचारल्यासारखा लिहिलायस आणि जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. मराठीत लिहिता येईल का?

येईल, पण एक अडचण आहे आणि ती आपलीच आहे. मराठी गीत लिहायला बसलं की हात आपोआप चांदणं, पाऊस, सागर, मन, वेदना यांच्याकडे जातो. माझाही जायचा. गोव्यावर लिहायचं तर माड आणि लाटा आल्याच पाहिजेत असं आपण धरून बसतो. बा. भ. बोरकरांनी माड आणि समुद्र शब्दांत असा भिनवला की आता तो शब्द लिहिला की त्यांचाच वाजतो. तू साखळीची आहेस. साखळीत समुद्र कुठे आहे? तिथे वाळवंटी नदी आहे, विठ्ठलाचं देऊळ आहे, आणि आजूबाजूला खाणी आहेत. खाणी २०१२ साली बंद पडल्या, मधे थोड्या चालल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. किती घरांच्या अंगणात खनिज वाहणारे टिपर नुसते उभे राहिले ते तू लहानपणापासून बघितलं असशील. बँकेचा हप्ता चालू, गाडी उभी.

त्या टिपरपासून सुरुवात कर. वेदना लिहू नकोस. टायरखाली लावलेली वीट लिही. काचेवरचं देवाचं नाव, ज्यातलं एक अक्षर उडालंय, ते लिही. हौद्यात पावसाचं पाणी साचून त्यात काय उगवलं ते लिही. आणि मग ठरव, बोलतंय कोण. मालक? त्याची बायको, जिचे दागिने आगाऊ रकमेत गेले? केबिनमध्ये बसून रोज खोटी खोटी गाडी चालवणारं सात वर्षांचं पोर? तिघांची तीन वेगळी गाणी होतील. मी पोराचं घेतलं असतं, पण तू तुला ऐकू येईल त्याचं घे. पोर बोलणार असेल तर पोराला ठाऊक असेल तेवढंच लिहायचं. हप्ता हा शब्द त्याने ऐकलेला असेल, पण त्याला तो बहुधा एखाद्या माणसाचं नाव वाटत असेल, दर महिन्याला येणाऱ्या.

गावाचं नाव गाळू नकोस. आपल्याला वाटतं नाव घातलं की गाणं लहान होतं, बाहेरच्याला कळणार नाही. जॉन्सन ॲव्हेन्यू कुठे आहे हे मला कुठे ठाऊक होतं? शुक्रवारचा म्हापशाचा बाजार म्हण, होंड्याचा चढ म्हण. भाषाही जशी घरात बोलता तशी येऊ दे. मधे कोंकणी शब्द आला तर काढू नकोस, आपण बोलतोच तसं. यमक जुळलं नाही तर ओळ मोडू नकोस, यमक सोड. ओवीत तरी कुठे दरवेळी चौथ्या चरणाला यमक असतं?

चालीची काळजी सगळ्यात शेवटी. पेटी येते म्हणालीस, तर एक सूर धरून ठेव आणि बोलल्यासारखं म्हण. पहिलं कडवं जमलं की त्याच संध्याकाळी फोनवर रेकॉर्ड कर, स्वच्छ होईपर्यंत थांबू नकोस. वसतिगृहाचा पंखा वाजत असला तर वाजू दे, आणि मला पाठव. मी तो काढणार नाही.